निर्माल्य, हंस आणि दोन बहिणींची एक कुंडी

हीथ्रो विमानतळावर आजवर माझ्या तीन कात्र्या जप्त झाल्या आहेत. तिन्ही नखं कापायच्या, वाकड्या पात्यांच्या, उत्तम स्टीलच्या. पुण्याला निघताना पर्समधून काढायच्या राहतात, एवढंच. तिसऱ्या वेळी सिक्युरिटीच्या बाईंनी विचारलं, "तुम्ही काम तरी काय करता?"

मी खरं ते सांगितलं. "मेलेल्यांची डोकी छाटते. फुलांची."

'फुलांची' हा शब्द आधी म्हणायला हवा होता. बाईंनी मला बाजूला घेऊन पर्स उलटी केली. एक चिमटा निघाला, रंगाचा बारीक ब्रश निघाला, दातकोरण्यांची डबी निघाली आणि दाताच्या डॉक्टरांकडे असतो तसला दांडीचा आरसा निघाला.

"आणि हे सगळं फुलांसाठी?"

"हो. आरसासुद्धा. फुलांना मागूनही बघावं लागतं."

त्यांनी कात्री ठेवून घेतली आणि मला जाऊ दिलं. धोकादायक नाही, पण जवळही बसवू नये अशी बाई, असा काहीसा त्यांचा चेहरा होता.

नॉटिंगहॅमबाहेरच्या एका छोट्या नर्सरीत मी आठ-नऊ वर्षं हे काम केलं. तिथे कशी पोचले ही गोष्ट कंटाळवाणी आहे. नवऱ्याला इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली, मला पुण्यात ऑफिस सांभाळायचा अनुभव होता आणि नर्सरीच्या फाटकावर 'नीटनेटकी व्यक्ती हवी' अशी पाटी होती. मी नीटनेटकी आहे. संपलं.

नर्सरी ब्रायनची. ब्रायन साठीचा, उंच, दिवसाकाठी मोजकी वाक्यं बोलणारा. मला तो 'डक', म्हणजे बदक, म्हणायचा. पहिल्या दिवशी मी दचकले होते, पण नॉटिंगहॅममध्ये बसचा ड्रायव्हर, पोस्टातली बाई, सगळेच सगळ्यांना डक म्हणतात. आपल्याकडे 'बाळा' म्हणतात तसं.

आमच्याकडे गुलाब नव्हते, झेंडू नव्हते. फक्त आल्पाइन, म्हणजे उंच डोंगरांवर, जिथे मोठी झाडं उगवायची थांबतात त्याच्यावर उगवणारी रोपं. लिंबाएवढी हिरवी उशी आणि तिच्यावर साबुदाण्याएवढी फुलं. बर्फाखाली कोरडं झोपणं हा त्यांचा हिवाळा. उणे वीसमध्ये त्यांना काही होत नाही. नॉटिंगहॅमचा ओला नोव्हेंबर मात्र त्यांना मारून टाकतो. त्यांच्याविषयी मला पहिल्या दिवसापासून आपुलकी वाटली.

काम ऐकायला सोपं आहे. कोमेजलेलं फूल उशीवर तसंच राहिलं की भिजतं, त्यावर करडी, केसाळ बुरशी धरते, ती खाली उतरते आणि पोळीला करपल्याचा डाग पडावा तसा उशीला डाग पडतो. म्हणून फूल सुकलं की काढायचं. ओढायचं नाही, ओढलं की अर्धी उशी हातात येते. चिमट्यानं धरायचं, कात्रीनं देठ शक्य तितका खाली कापायचा आणि कापलेलं उशीवर पडू द्यायचं नाही. ग्रीनहाऊसमधल्या उंच बाकांवर कुंड्या वाळूत पुरलेल्या असतात, फिरवता येत नाहीत, म्हणून मागची फुलं बघायला आरसा. काही रोपांना फुलून झाल्यावर चांगली सणसणीत छाटणी लागते, काहींना कात्री दाखवली तरी ती मरतात. कुणाला काय, हे शिकायला मला दोन वर्षं लागली.

दुसरं कारणही आहे. फूल ठेवलं तर बी धरतं आणि रोपाची सगळी ताकद बियांत जाते. बी नको असेल तर फूल काढा. बी हवं असेल तर हात लावू नका. हे वाक्य लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

गिऱ्हाइकं कमी, पण एकेक नमुना. एक गृहस्थ स्वतःची कुंडी दाखवायला आणत, तीही गाडीच्या पुढच्या सीटवर पट्टा लावून. त्यांच्या बायको मागे बसत. एका बाईंचं रोप जानेवारीत वाळून गेलं म्हणून त्या तक्रार घेऊन आल्या. लेबलवर मी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'हिवाळ्यात कोरडं ठेवा.' चौकशीअंती कळलं, बाई रोज संध्याकाळी त्याला हेअर ड्रायर लावत होत्या. त्यानंतर मी लेबलवर 'फक्त पाणी देऊ नका' असं लिहायला लागले. तेव्हा दुसऱ्या एकांनी विचारलं, "फक्त पाणी नको, तर सोबत काय देऊ?"

पण आमची खरी गिऱ्हाइकं दोन. मिस आयव्ही आणि मिस ऑलिव्ह.

या सख्ख्या बहिणी, दोघीही सत्तरीपुढच्या, शेजारच्या बीस्टन गावात एकाच रस्त्याच्या दोन टोकांना राहणाऱ्या. आयव्ही थोरली आणि गोल, ऑलिव्ह धाकटी आणि काटकुळी. वडिलांनी मागे एक कुंडी ठेवली होती. तिच्यात एक पल्साटिला. पल्साटिलाला एप्रिलमध्ये घंटेसारखी लवदार फुलं येतात, बहुतेक जांभळी. या कुंडीतली मात्र जुन्या कौलासारख्या फिक्या विटकरी-गुलाबी रंगाची होती. ब्रायन म्हणे, असा रंग त्यानं दुसरीकडे पाहिला नाही. त्यातून पल्साटिलाला मुळं हलवलेली खपत नाहीत, त्यामुळे एकाची दोन रोपं करायची सोय नव्हती.

घर विकून बहिणींनी वाटणी केली होती, चमचेसुद्धा वाटून झाले होते. कुंडी वाटता येईना. मग ठरलं, एक वर्ष तिच्याकडे, एक वर्ष हिच्याकडे. अदलाबदल मेच्या शेवटी, आणि एकमेकींच्या घरी पाऊल टाकायचं नाही म्हणून आमच्या नर्सरीत, माझ्या टेबलावर. घटस्फोट झालेले लोक पोरं सोपवतात तशी.

"पानं पिवळी पडलीयत," घेणारी म्हणायची.

"माझ्याकडे आली तेव्हाच पिवळी होती," देणारी म्हणायची.

"तू पाणी जास्त घातलंस. तू बाबांनाही सारखा चहा पाजायचीस."

"आणि तू? तू तर विचारायचीसही नाहीस!"

इथून पुढे वडील, आई, वडिलांचा कुत्रा आणि कुठल्या तरी ख्रिसमसचं पुडिंग असा प्रवास व्हायचा. बाकीची गिऱ्हाइकं हातातली कुंडी खाली ठेवून गाडीकडे चालू लागायची. ब्रायन मागच्या शेडमध्ये लपायचा. उंच माणूस, बुटकी शेड. खिडकीतून त्याची टोपी दिसायची.

यातली मुख्य मेख अशी. कुंडी देणारी बहीण आदल्या दिवशी प्रत्येक फुलाचा देठ कापून टाकायची. दुसरीला वाळलेलं फूलही मिळता कामा नये. परिणामी त्या रोपाला कधी बी धरलंच नाही. आणि आता ते म्हातारं झालं होतं. एका बाजूचं खोड कुजायला लागलं होतं. आणखी एखादा हिवाळा काढेल, ब्रायन म्हणाला, फार तर.

मग एका एप्रिलमध्ये ऑलिव्हनं मनगट मोडून घेतलं. कुंडी तिच्याकडे होती, उचलवेना. आयव्ही नॉर्वेच्या बोटीवर फिरायला गेलेली, जूनमध्ये परतणार. शेजाऱ्यानं कुंडी आमच्याकडे आणून टाकली, ऐन फुलात.

ब्रायननं कुंडीकडे पाहिलं. मग त्यानं माझ्या समजुतीप्रमाणे त्या वर्षातलं सर्वांत लांब भाषण केलं.

"डक, याला बी धरू दे. पेरू. दोन रोपं झाली की एक तिला, एक हिला. परत माझ्या दारात भांडण नाही. मला म्हातारपणी शांतता हवी आहे."

मी यादीत सगळ्यात वर लिहिलं: पल्साटिला. हात लावू नये.

आता इंदूकाकू. माझी मैत्रीण वृषाली, तिच्या सासूबाई. सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेल्या. वृषाली आणि तिचा नवरा सकाळी ऑफिसला गेले की काकू एकट्या. पहिल्या महिन्यात त्यांनी घरातले सगळे डबे घासले, दुसऱ्या महिन्यात शेजाऱ्यांचं कुंपण पुसलं. वृषालीनं मला फोन केला, "मेधा, तुझ्या पाया पडते, आईंना काहीतरी काम दे."

मी दिलं. आणि सांगते, असा हात मी पाहिला नाही. आयुष्यभर मेथी निवडलेली, तांदळातले खडे वेचलेले. मला जे शिकायला दोन वर्षं लागली, ते काकूंनी एका आठवड्यात आत्मसात केलं. स्टुलावर बसून, साडीवर वृषालीचं जाड जॅकेट घालून, चिमटा-कात्री सटासट चालायची. ब्रायन दाराशी उभा राहून बघायचा. भाषा एकमेकांची येत नव्हती, पण तो चहा आणून ठेवायचा आणि काकू त्याला "बस की रे, उभा काय राहिलायस" म्हणायच्या. तो बसायचा.

त्रास एकच. काकू प्रत्येक कुंडीला विचारायच्या.

"मेधा, हे काढू?"

"काढा, काकू."

"आणि हे?"

"ते नका. ती कळी आहे."

"मग हे गं?"

जूनमध्ये नर्सरीचा ओपन वीकेंड असायचा. सगळ्या कुंड्या लखलखीत हव्यात. त्या सोमवारी माझी यादी दोन पानी झाली होती आणि सकाळपासून मी 'काढा' आणि 'नका' याशिवाय काही बोलले नव्हते. शेवटी मी नियम करून दिला. नियम करायला मला आवडतं.

"काकू, सोपं सांगते. करडं आणि केसाळ दिसलं की ती बुरशी. सरळ काढून टाकायचं. विचारायचं नाही."

"विचारायचं नाही?"

"अजिबात नाही."

"बरं," काकू म्हणाल्या आणि कामाला लागल्या. मी बिलं करायला ऑफिसात गेले.

आता जाणकारांना ठाऊक असेल, बाकीच्यांना सांगते. पल्साटिलाचं फूल गळून गेलं की बियांचा झुपका तयार होतो. प्रत्येक बीला लांब रेशमी शेपूट. लांबून बघाल तर म्हातारीच्या पिंजारलेल्या केसांसारखं. रंगानं करडं आणि चांगलंच केसाळ.

कुंडी तशी बाहेर, वरून उघड्या अशा वेगळ्या काचेच्या पेटीत होती. पण पाऊस येणार असं रेडिओवर सांगितलं. भिजलं तर पिकलेलं बी सडेल, म्हणून ब्रायननं ती आत आणून ठेवली. कुठे? तर काकूंच्या बाकाच्या टोकाला. आणि तो घरी गेला, बायकोचा जुना पायमोजा आणायला. तुम्ही हसाल, पण हे आमच्या धंद्यात सर्रास चालतं. बी पिकत आलं की झुपक्यांवर बायकांचा पातळ लांब मोजा चढवून बांधायचा. हवा लागते, बी उडून जात नाही. फक्त मोजा जुना आहे यावर बायकोचं एकमत लागतं. ब्रायनला त्या दिवशी त्यातच वेळ लागला.

तो परत आला तेव्हा मी ग्रीनहाऊसमध्ये शिरत होते. काकू नव्हत्या. बाक स्वच्छ पुसलेला, चिमटा-कात्री रुमालात गुंडाळून ठेवलेली. आणि टोकाला पल्साटिला: पानं आहेत, बाकी चकोट. मुंज झालेल्या मुलासारखं.

ब्रायन हातात मोजा धरून उभा होता. त्यानं वाकून एकेक देठ पाहिला. मग म्हणाला, "सुरेख काम केलंय."

आणि खरंच केलं होतं. देठ अगदी खाली, एकसारखे कापलेले.

"कचऱ्यात असेल!" मी म्हणाले. आम्ही दोघं मागच्या खताच्या ढिगावर गेलो. साठीचा मालक आणि चाळिशीची मॅनेजर, गुडघ्यांवर बसून, बटाट्याच्या सालींतून केस शोधतोय. काही नाही. केराची बादली पाहिली. रिकामी, आणि घासलेली.

तेव्हा मला आठवलं. काकूंनी कापलेलं फूल कधी ढिगावर टाकलंच नव्हतं. पहिल्याच दिवशी माझा बूट एका सुकलेल्या फुलावर पडला, तेव्हा त्या ओरडल्या होत्या, "अगं, पाय काय देतेस? फूल आहे ते!" तेव्हापासून त्या सगळं एका पिशवीत भरून घरी न्यायच्या. मला वाटायचं, त्यांच्या बागेत पुरत असतील. मी विचारलं नव्हतं. यादीत नव्हतं ना ते.

मी वृषालीला ऑफिसात फोन लावला.

"आईंकडे मोबाइल नाहीये गं," ती कुजबुजली. ती मीटिंगमध्ये होती. "पण आज सोमवार ना? मग त्या नदीवर गेल्या असतील."

"नदीवर कशाला?"

"निर्माल्य सोडायला. आठवड्याचं साठवतात आणि दर सोमवारी बसनं ट्रेंटवर जातात. कौन्सिलच्या कचऱ्यात देवाची फुलं टाकायची नाहीत म्हणतात. मी सांगून थकले. अगं, का? काय झालं?"

मी फोन ठेवला आणि ब्रायनला एवढंच सांगितलं, "व्हॅन काढ. बी नदीत चाललंय."

आता एक गोष्ट सांगायला हवी. ब्रायननं तीस वर्षं त्या व्हॅनमधून फक्त नाजूक रोपं वाहिली होती. त्याला गाडी चालवताच येत नव्हती. म्हणजे दुसऱ्या तऱ्हेनं. वळणावर तो गाडी अशी घ्यायचा, जणू मागे झोपलेलं बाळ असावं. स्पीड ब्रेकर आला की जवळजवळ उतरून माफी मागायचा.

"ब्रायन, मागे काही नाहीये! रिकामी आहे गाडी!"

"माहितीये, डक."

"मग दाब ना!"

"दाबतोय."

एका सायकलवाल्यानं आम्हाला मागे टाकलं. त्यानं हातही केला.

ट्रेंटच्या काठाला शहराच्या बाजूनं लांबच लांब दगडी पायऱ्या आहेत, थेट पाण्यात उतरणाऱ्या. कृष्णेच्या घाटावर वाढलेल्या बाईला त्या पायऱ्या पाहून काय वाटलं असेल, ते मला त्या दिवशी समजलं. आमच्यापैकी कुणी काकूंना नदी दाखवली नव्हती. त्यांनी बसच्या खिडकीतून घाट पाहिला होता आणि उतरल्या होत्या.

शेवटून दुसऱ्या पायरीवर काकू उभ्या होत्या. साडी, जॅकेट, पांढरे स्पोर्ट्स शूज. हातात पिशवी डोक्याच्या वर धरलेली. आणि भोवती सात-आठ हंस. इथल्या हंसांचा पक्का समज आहे, की पिशवी म्हणजे पाव.

"हट्! मेल्यांनो, खायचं नाहीये ते! देवाचं आहे! हट् म्हणते ना!"

हंस फिस्कारत होते. काकूही.

"काकू!" मी वरूनच ओरडले. "थांबा! सोडू नका!"

"कशी सोडू? हे सोडू देतायत का?"

म्हणजे अजून सोडलं नव्हतं. मला हायसं वाटलं. पण माझ्याकडे बघायला काकू वळल्या, एका हंसानं मान लांब करून पिशवीचं टोक ओढलं आणि पिशवी फाटली. वृषालीच्या देवघरातली आठवडाभराची सुपरमार्केटची शेवंती, आमच्या बाकावरची शेकडो सुकलेली फुलं आणि त्यांच्यामधून करडे, रेशमी, केसाळ झुपके. निम्मं पायरीवर, निम्मं ट्रेंटमध्ये.

"ब्रायन, पकड!"

ब्रायन माझ्यामागे उभा होता. चांगलाच मागे. "हंस माणसाचा हात मोडू शकतो," तो म्हणाला. हे इथे प्रत्येक माणूस सांगतो, पण हात मोडलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

बाजूला एक मासे पकडणारा छोट्या खुर्चीत बसला होता. दिवसभरात मासा लागलेला दिसत नव्हता. त्याला बहुधा विरंगुळा हवा होता. त्यानं लांब दांड्याची जाळी उचलली. "काय काढायचंय, डक?"

"केसाळ! करडं आणि केसाळ सगळं!" मी ओरडले. तोच नियम, दुसऱ्यांदा.

तो मन लावून काढत गेला. शेवंती, शेवंती, एक झुपका, उदबत्तीचा पुडा, दोन झुपके, पुन्हा शेवंती. मी पायरीवर ओणवी होऊन गोळा करत होते. काकू मात्र भडकल्या होत्या.

"मेधा, हे काय चालवलंयस? पाण्यात गेलेलं निर्माल्य परत काढतात का कुणी?"

"काकू, पण हे देवाला कुठे वाहिलं होतं? ही आमच्या बाकावरची आहेत."

"फूल आहे ना? मग झालं तर."

"फूल नाही हो, बी आहे! पेरायचंय!"

काकू थांबल्या. माझ्याकडे पाहिलं, मग ओल्या झुपक्याकडे. एक शेपूट चिमटीत धरून तिच्या टोकाचा दाणा नखानं दाबून पाहिला.

"बियाणं आहे होय," त्या म्हणाल्या. "मग पाण्यात कशाला टाकू दिलंस? बियाणं कुणी पाण्यात टाकतं का? आधी नाही का सांगायचं!" आणि पदर खोचून खाली बसल्या. "अरे बाबा, तिकडे, तिकडे, तो बघ एक चाललाय," त्या कोळ्याला अस्सल सांगलीच्या मराठीत सूचना द्यायला लागल्या आणि त्याला त्या कळल्या.

हाताला लागलं ते ठेवायला काहीच नव्हतं. तेव्हा ब्रायननं खिशातून बायकोचा मोजा काढला. मासे पकडणाऱ्यानं मोज्याकडे पाहिलं, ब्रायनकडे पाहिलं आणि सभ्यपणे नदीकडे पाहायला लागला.

व्हॅनमध्ये मोजा ब्रायनच्या मांडीवर होता. परतताना तो आणखी हळू चालवत होता आणि या वेळी मीच त्याला स्पीड ब्रेकर दाखवत होते.

नर्सरीत काकूंनी ताट मागितलं. ओला गोळा ताटात पसरला आणि तांदूळ निवडायला बसावं तशा बसल्या. हे बियाणं, हे पोचट, ही शेवंती. संध्याकाळी वृषाली न्यायला आली तेव्हा ताटाच्या एका कडेला बियांची चिमूटभर रास होती. पल्साटिलाचं बी ताजंच पेरावं लागतं, ठेवलं की झोपून जातं. आम्ही त्याच संध्याकाळी बारीक खडीत पेरलं. काकूंनी कुंडीला हळद-कुंकू लावलं. ब्रायननं विचारलं, हे बुरशीवर का? मी हो म्हटलं.

आठवड्यानं आयव्ही नॉर्वेहून येऊन कुंडी घेऊन गेली. चकोट रोप पाहून तिला जराही आश्चर्य वाटलं नाही. "मनगट मोडलं तरी कापायचं सोडलं नाही हिनं," एवढंच म्हणाली. मी बिलं तपासत होते, फारच बारकाईनं.

जुनं रोप त्या हिवाळ्यात गेलं. आयव्ही रिकामी कुंडी घेऊन आली, टेबलावर ठेवली, आणि आम्ही ऑलिव्हलाही बोलावलं. दोघी कुंडीकडे बघत बसल्या. वडील, कुत्रा, पुडिंग, काहीच निघालं नाही. त्या शांततेला ब्रायनही घाबरला. शेडमध्ये न जाता तिथेच उभा राहिला. मग त्यानं आतून दोन छोट्या कुंड्या आणून ठेवल्या. प्रत्येकीत चार पानांचं लवदार रोप.

"एक तुझं, एक तुझं," तो म्हणाला. "बाबांचंच आहे. आता वाटणी पूर्ण."

ऑलिव्हनं नाक पुसलं. आयव्हीनं तिला स्वतःचा रुमाल दिला, आणि लगेच "परत दे" म्हणाली.

काकू तोवर सांगलीला परतल्या होत्या. फोनवर दर वेळी पहिला प्रश्न तोच. "उगवलं का गं आपलं बियाणं? त्या दोघी गप्प झाल्या का?"

"झाल्या, काकू. मे महिना आला नि गेला, कुणी फिरकलं नाही."

"असं?" काकू जरा हिरमुसल्या. "मग आता त्या भेटतात तरी कुठे?"

ब्रायनला शांतता मिळाली होती. मेच्या शेवटी तो शेडच्या दारात उभा राहून रस्त्याकडे बघायचा आणि आपण बघत नाही असं दाखवायचा.

बियांपासून आलेलं रोप आईसारखंच निघेल असं नसतं. दोन्ही रोपं एकाच एप्रिलमध्ये फुलली. एकाची फुलं कौलाच्या रंगाची, दुसऱ्याची किंचित अधिक गुलाबी. किंचित म्हणजे मला आणि ब्रायनला दिसेल इतकी. आम्हाला वाटलं, दुसऱ्या कुणाला कळणार नाही.

मेच्या शेवटच्या शनिवारी आयव्ही आली. पाठोपाठ ऑलिव्ह. दोघींच्या हातात कुंड्या.

"तिला चांगलं दिलंत," आयव्ही म्हणाली. "कुंपणावरून पाहिलं मी. तिचं जास्त गुलाबी आहे."

"बाबांच्या रंगाचं हिच्याकडे गेलंय," ऑलिव्ह म्हणाली. "हिला नेहमीच बाबांचं मिळतं."

"तू सारखा चहा पाजायचीस त्यांना!"

"आणि तू पुडिंग जाळलंस!"

एका गिऱ्हाइकानं हातातली कुंडी खाली ठेवली आणि तो गाडीकडे चालू लागला. अखेर ठरलं ते असं: दर वर्षी मेच्या शेवटी अदलाबदल. हिची तिला, तिची हिला. माझ्या टेबलावर.

मी दोन्ही कुंड्या पुढे ओढून चष्मा लावला. दोन्हींवर एकही फूल नव्हतं, एकही झुपका नव्हता. आदल्या दिवशीच कापलेलं. देठ अगदी खालून, सगळे एका उंचीचे, पानांना धक्का नाही. इतकं स्वच्छ काम नऊ वर्षांत माझ्या हातूनही क्वचित झालं असेल.

ब्रायननं माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं. शेडकडे जायला वळला, थांबला, आणि चहाचे चार कप घेऊन आला.

रात्री मी सांगलीला फोन लावला. सगळं ऐकून काकू हसत सुटल्या.

"बरं झालं गं बाई," त्या म्हणाल्या. "आणि ती कापलेली फुलं? ती कुठे टाकली दोघींनी? विचारलंस का?"

मी यादीत लिहून ठेवलं.